पाच दिवसांचा हज, चाळीस दिवसांचा संसार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



हज यात्रेबद्दल आजवर पुष्कळ लिहिलं आणि बोललं गेलं आहे. काबागृह पहिल्यांदा नजरेस पडतं तो क्षण, अराफातचं मैदान, मदिनेतली शांतता. त्याबद्दल मी आज बोलणार नाही. ती ज्याची त्याची मनातली गोष्ट असते आणि ती मनातच बरी. मी बोलणार आहे ते डाळ-तांदळाबद्दल, धुण्याबद्दल, बसबद्दल, दवाखान्याबद्दल आणि एका गॅसच्या शेगडीबद्दल.

कारण हिशेब अगदी साधा आहे. हजचे मुख्य विधी जिलहिज महिन्याच्या आठ तारखेला सुरू होतात आणि पाच-सहा दिवसांत संपतात. पण हज कमिटीमार्फत जाणाऱ्या आपल्याकडच्या यात्रेकरूचा मुक्काम असतो जवळजवळ चाळीस दिवसांचा. मग उरलेले चौतीस-पस्तीस दिवस माणूस परमुलखात करतो काय? नमाज पढतो, तवाफ करतो, हे खरंच. पण त्यालाही भूक लागते, त्याचेही कपडे मळतात, त्याचाही गुडघा दुखतो. म्हणजे हज पाच दिवसांचा आणि संसार चाळीस दिवसांचा.

आमच्या आजोबांच्या पिढीत लोक मुंबईहून जहाजानं जिद्द्याला जात. वळकटी, धान्याची पिशवी, लोणच्याची बरणी आणि कफनाचं कापड असं सगळं बरोबर घेऊन निघत. परत येऊ की नाही याची खात्री नसे, म्हणून निघताना गावभर फिरून 'कहा-सुना माफ करा' म्हणत. ती जहाजं १९९५ साली बंद झाली. आता मुंबईहून साडेपाच-सहा तासांत माणूस जिद्द्याला उतरतो. जुन्या काळाची आणखी एक आठवण आपल्या मराठवाड्याशी जोडलेली आहे. निजामाच्या संस्थानातल्या यात्रेकरूंसाठी मक्केत 'रुबात' म्हणजे धर्मशाळा उभारल्या गेल्या. त्या संस्थानात आपले परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे जिल्हेही होते. त्यामुळे संस्थान गेलं तरी त्या रुबातीत विनामूल्य राहण्याचा आपल्याकडच्या लोकांचा हक्क राहिला. अर्थात जागा थोड्या, म्हणून चिठ्ठ्या टाकून नावं निघतात. आमचं नाव निघालं नाही. आम्ही अजीजियात राहिलो.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी पत्नी, २०२३ साली गेलो. त्या वर्षी भारताचा कोटा १,७५,०२५ यात्रेकरूंचा होता आणि जगभरातून मिळून १८,४५,०४५ लोक हजला आले, असं सौदी सरकारनं जाहीर केलं. एवढ्या समुद्रात सोनपेठची आम्ही दोन माणसं. वाण नदीच्या काठच्या माणसानं समुद्राचा अंदाज कसा करावा!

जायच्या आधी प्रशिक्षण शिबिर असतं. त्यात हजचे विधी शिकवतात, तसंच बॅगेत काय भरायचं आणि काय नाही तेही सांगतात. प्रत्येकी वीस किलोच्या दोन बॅगा. त्यात आमच्या घरातून ज्वारीचं पीठ, तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी, तिखट आणि घरचा मसाला जाणार हे ठरलेलंच होतं. पण मसाल्यात खसखस चालत नाही. सौदी अरेबियात खसखशीला सक्त बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. आपल्याकडे मटणाच्या रश्शात चमचाभर खसखस घालणारी बाई तिथे गुन्हेगार ठरू शकते. म्हणून त्या उन्हाळ्यात पत्नीनं खसखस वगळून वेगळा मसाला कुटला आणि डब्यावर चिठ्ठी लावली: 'हजचा मसाला'.

अजीजिया हा मक्का शहराचाच भाग, पण हरम शरीफपासून काही किलोमीटर दूर. भारतीय यात्रेकरूंच्या इमारतींना नंबर असतात आणि तो नंबर पाठ करावा लागतो. अरबीत इमारतीला म्हणतात 'इमारा'. आमच्याबरोबरच्या गंगाखेडकडच्या चाचांना हे ऐकून फार नवल वाटलं. म्हणाले, "अरे, हे तर आपलंच आहे!" मी म्हटलं, "चाचा, उलटं आहे. आपलं त्यांचं आहे." मग आमचा तो खेळच झाला. दुकानाला दुकान, साबणाला साबून, औषधाला दवा, मैदानाला मैदान. भाजीवाला पाच बोटं दाखवून म्हणाला, "खम्सा, फकत." चाचा हसत म्हणाले, "बघा, हाही 'फक्त' म्हणतो."

पण चाचांना सगळ्यात मोठा धक्का बसला तो मी खरीप आणि रब्बी हे दोन्ही शब्द अरबी आहेत हे सांगितलं तेव्हा. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. सत्तर वर्षं ज्यानं खरीप पेरला आणि रब्बी काढली, त्या माणसाला हे शब्द कुठून आले हे वाळवंटात येऊन कळलं. थोडा वेळ ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, "शब्द त्यांचा असंल, पण पेरणी आपली."

खोलीत आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघं, सेलूकडचं एक जोडपं आणि हे चाचा. चाचा एकटेच होते. चाची आधीच वारलेल्या. एका खोलीत पाच पलंग, मध्ये दोरी बांधून चादरीचा पडदा, एक न्हाणीघर आणि मजल्यावर सर्वांचं मिळून एक स्वयंपाकघर. त्यात गॅसच्या शेगड्या आणि सिलेंडर. माणसं जास्त आणि शेगड्या कमी, म्हणून पहिल्या दोन दिवसांत जोरदार वादावादी झाली. डाळ कुणाची आधी, चहा कुणाचा नंतर. अल्लाच्या घरी आलेली माणसं शेगडीवरून भांडताना पाहून मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं, आणि मग लक्षात आलं की सबुरीची शिकवण इथूनच सुरू होते. तिसऱ्या दिवशी सेलूच्या भाभींनी वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. कोणत्या खोलीनं किती वाजता स्वयंपाक करायचा, भांडी कुणी घासायची, सगळं त्यात होतं. पुरुषांची नावं भांडी आणि भाजी निवडण्याच्या रकान्यात होती. घरी ज्यांनी आपला चहाचा कपही कधी उचलून ठेवला नव्हता, असे गृहस्थ तिथे तवा खरवडताना मी पाहिले.

पैशाची गंमत वेगळी. पूर्वी हज कमिटी यात्रेकरूला रियाल देत असे. २०२३ पासून ते बंद झालं आणि ज्यानं त्यानं आपली सोय करायची असं ठरलं. त्या वेळी एक रियाल म्हणजे साधारण २२ रुपये. त्यामुळे आमची सगळी मंडळी दिवसभर बावीसचा पाढा म्हणायची. दोन रियालचा चहा म्हणजे ४४ रुपये! चाचांनी तो चहा पहिल्या दिवशी एकदाच घेतला. पुढे चाळीस दिवस पुरेल असा पत्तीचा डबा त्यांच्या बॅगेत होताच.

मोबाइलचं सिमकार्ड घ्यायचं तर तिथे बोटांचे ठसे लागतात. माझा ठसा लगेच उमटला. चाचांचा काही केल्या उमटेना. अंगठा झाला, तर्जनी झाली, दुसरा हात झाला. मशीन आपलं नाहीच म्हणतंय. दुकानदार वैतागला. चाचा शांत. म्हणाले, "आमच्या रेशन दुकानातबी असंच होतंय. मातीत हात घालणाऱ्याचं बोट मशीनला दिसत नाही." शेवटी बोटाला तेल चोळून, पुसून, सातव्या-आठव्या वेळी ठसा उमटला. दुकानदारानं सुटकेचा श्वास सोडला आणि चाचांनी पहिला फोन शेतावर लावला.

त्या फोनचं एक टिपण असे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथे फजरची नमाज पढून खोलीवर येईतो इकडे सकाळ झालेली असे. चाचा मुलाला विचारत, "पानी पड्या क्या बाबा?" तिकडून उत्तर येई, "नहीं अब्बा." २०२३ चा जून आठवतो ना? पाऊस लांबला होता. मृग कोरडा गेला, आभाळ यायचं आणि निघून जायचं. बियाणं आणून ठेवलेलं, पण पेरणीची हिंमत होईना. अजीजियातल्या आमच्या मजल्यावर शेतकरी बरेच होते. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन, पाऊस हा शब्दही विसरावा असा प्रदेश, आणि आत रोज सकाळी पंधरा-वीस फोनवरून एकच प्रश्न: पाऊस पडला का?

चाचांना आणखी एक रुखरुख होती. शेगावची पालखी परभणी, गंगाखेड, परळी या मार्गानं पंढरपूरला जाते. चाचांचं शेत त्या रस्त्यालगत. दर वर्षी वारकऱ्यांसाठी पाण्याचे माठ ते स्वतः भरून ठेवत. त्या वर्षी ते जमणार नव्हतं. मुलाला फोनवर सांगत, "माठ नवे घे, जुने झिरपत नाहीत आता." मक्केत झमझमच्या पाण्याचे पिंप जागोजागी ठेवलेले असतात. ते पाहिले की चाचा म्हणायचे, "तहानलेल्याला पाणी पाजणं, एवढंच तर आहे सगळं."

अजीजियाच्या दिवसांत आम्हाला एक पाहुणा मिळाला. रस्त्यापलीकडच्या 'बकाल्यात', म्हणजे किराणा दुकानात, उदगीरकडचा एक तरुण नोकरीला होता. आमचं बोलणं ऐकून त्यानं दह्याचा डबा देता देता हळूच विचारलं, "तुमी कुठले?" परमुलखात आपल्या बोलीतला 'तुमी' कानावर पडला की काय वाटतं ते सांगता येत नाही. चार वर्षं तो घरी गेला नव्हता. त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मालकाच्या हातात. सुटी मालक देईल तेव्हा. आम्हाला चाळीस दिवसांत घर आठवून रडू येत होतं. हा चार वर्षं दुकानाच्या वरच्या खोलीत सहा जणांबरोबर राहत होता. रात्री दुकान बंद झाल्यावर तो यायचा. पत्नी त्याच्यासाठी दोन भाकरी बाजूला ठेवायची. तो जेवताना फार बोलत नसे. एकदा मात्र म्हणाला, "खाला, तुमी भाकरी थापता ना, तो आवाज जिन्यापर्यंत येतो. मी दोन मिनिटं तिथं थांबून मग वर येतो."

बसथांब्यावर आणखी एका गटाची ओळख झाली. २०१८ पासून बायकांना मेहरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक बरोबर नसतानाही हज कमिटीमार्फत जाता येऊ लागलं. २०२३ मध्ये अशा चार हजारांवर महिला आपल्या देशातून आल्या होत्या. त्यांच्यासाठी राहण्याची सोय वेगळी. जिंतूरकडच्या एक निवृत्त बाई त्यांत होत्या. मोबाइलच्या नकाशावर रस्ता शोधण्यात त्या इतक्या तयार झाल्या की वाट चुकलेल्या पुरुषांना त्याच खोलीवर पोचवत. "चाळीस वर्षं मला कुणी विचारलं नाही की रस्ता कुठला," त्या म्हणाल्या, "आता रोज दहा जण विचारतात."

हजच्या पाच दिवसांबद्दल एकच सांगतो. २६ जूनला आम्ही मिनाच्या तंबूत होतो, २७ ला अराफातवर. तिथे दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दुआ मागायची असते. लोक पुस्तकातल्या अरबी दुआ वाचतात. मीही वाचल्या. मग पुस्तक मिटलं आणि जे मागायचं ते माझ्या भाषेत, मराठीत मागितलं. शेजारी चाचा हात पसरून बसले होते. त्यांच्या ओठांवर मला दोनच शब्द कळले: 'या अल्लाह' आणि 'पानी'.

तिथली ईद २८ जूनला झाली. आपल्याकडे बकरी ईद २९ जूनला होती आणि त्याच दिवशी आषाढी एकादशीही. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम समाजानं आपण होऊन ठरवलं की एकादशीच्या दिवशी कुर्बानी करायची नाही, ती दुसऱ्या दिवशी. शरियतमध्ये कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहेच. मिनाच्या तंबूत मोबाइलवर ही बातमी आली तेव्हा उत्तरेकडच्या एका मौलवींनी आम्हाला कौतुकानं विचारलं, "ये आपके यहाँ का दस्तूर है?" चाचा म्हणाले, "दस्तूर क्या, पड़ोस है."

जुलै लागला आणि पावसाचा निरोप आला. चाचांच्या मुलानं सांगितलं, पेरणी झाली. चाचांनी मजल्यावर सगळ्यांना खजूर वाटले. त्यानंतर चार-पाच दिवसांनी त्यांना ताप भरला. आधी भारतीय हज मिशनच्या दवाखान्यात, मग तिथल्या सरकारी इस्पितळात. हाजींना तिथे उपचार मोफत असतात. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. पण तिसऱ्या दिवशी पहाटे चाचा गेले.

श्रोतेहो, हाजीचा तिकडे मृत्यू झाला तर दफन तिकडेच होतं. अर्ज भरतानाच हे माहीत असतं. हरममध्ये जवळजवळ प्रत्येक फर्ज नमाजेनंतर जनाज्याची नमाज होते. आम्ही रोज ती पढत होतो, कुणासाठी ते माहीत नसताना. त्या दिवशी माहीत होतं. कागदपत्रांची धावपळ होती, अरबी बोलणारा माणूस हवा होता. तो उदगीरचा मुलगा मालकाकडून रजा काढून आला. हजकाळात दुकानातून रजा काढणं म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. या खिडकीतून त्या खिडकीत तोच फिरला, आणि खांदा द्यायलाही तोच पुढे होता. मक्केच्या बाहेर शरायेच्या कब्रस्तानात चाचांना मूठमाती दिली. तिथे कबरीवर नाव नसतं.

मग खोलीवर येऊन त्यांची बॅग भरायची होती. हे काम आम्ही तिघा-चौघांनी मिळून केलं. प्रत्येक वस्तूची मी यादी केली. त्या चाळीस दिवसांत लोक मला विचारत, कविता सुचते का? माझ्या वहीत कवितेची एक ओळ नाही. किराण्याच्या याद्या आहेत आणि ही एक यादी आहे. दोन सदरे, लुंगी, बॅटरी, पत्तीचा अर्धा डबा, अडकित्ता, खजुराच्या तीन पिशव्या, पाच तसबिया, नातीसाठी घेतलेली बाहुली, आणि एक पांढरं कापड. ते कफनाचं होतं. आपल्याकडचे पुष्कळ हाजी कफनाचं कापड झमझममध्ये भिजवून, वाळवून घरी आणतात, आपल्या वेळेसाठी. चाचांनीही गच्चीवर वाळवून घडी करून ठेवलं होतं. पण त्यांना तिकडचं कफन मिळालं. कापड हातात घेऊन मी तसाच बसलो. पत्नीनं ते माझ्याकडून घेतलं, नीट घडी केली आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवलं. म्हणाली, "त्यांनी घरी न्यायला घेतलं होतं. घरी जाऊ द्या."

त्यानंतर आठ दिवस आम्ही मदिनेत होतो. तिथे खोलीत स्वयंपाकाला मनाई. हॉटेलातून आणून खायचं. सेलूच्या भाभी म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा आठ दिवस चूल पेटवली नाही." बायका निवांतपणे मशिदीत बसू लागल्या. पुरुषांनाही भांडी नव्हती. पण जेवताना सगळ्यांना अजीजियाचं ते वेळापत्रक आठवायचं, आणि पाचवं ताट कुणी मांडत नसे.

जुलैच्या शेवटी आम्ही परतलो. दोन-चार दिवसांनी बॅग आणि पाच लिटर झमझम घेऊन मी चाचांच्या घरी गेलो. वाटेत कापूस, सोयाबीन हातभर वर आलेलं. घरात मुलगा, सून, नाती, गावातली माणसं, त्यांत भजनी मंडळातले दोघं-तिघंही होते. मला वाटलं होतं, हे विचारतील अराफातबद्दल, काब्याबद्दल. कुणी विचारलं नाही. मुलानं विचारलं, "अब्बा झोपायचे कुठे? खिडकीजवळ का?" मी सांगितलं, हो, खिडकीजवळ. सुनेनं विचारलं, "भाकरी खायचे का? दात दुखत होते त्यांचे." मी सांगितलं, दुधात कुस्करून खायचे. "चहा किती वेळा?" तीन वेळा, आपल्याच पत्तीचा. "बोट उमटलं का मशीनवर?" आठव्या वेळेला. तेव्हा मुलगा हसला, आणि हसता हसता रडला.

दोन तास मी तेवढंच सांगत होतो. कोणत्या बसनं जायचे, कुणाशी बोलायचे, फोनवर बोलताना कुठे उभे राहायचे. हजचे विधी सगळ्यांचे सारखेच असतात. ते पुस्तकात मिळतात. त्यांना हवा होता तो आपल्या बापाचा रोजचा दिवस, आणि तो आमच्या चौघांखेरीज जगात कुणालाच ठाऊक नव्हता.

म्हणून यंदा किंवा पुढे कधी जे जाणार आहेत, त्यांना मी एकच सांगतो. दुआ पाठ कराच, बॅग नीट भरा, इमारतीचा नंबर लक्षात ठेवा. आणि खोलीत जी चार अनोळखी माणसं वाट्याला येतील, त्यांच्याकडे नीट पाहा. कोण चहात किती साखर घेतो, कुणाचा गुडघा कुठला दुखतो, कोण कुणाला फोन करतो. कधी कुणी विचारायला आलं तर ते सांगता आलं पाहिजे.